आवाज कुणाचा? शिरूरचा!

बालदोस्तांनो, ‘मी शिरूरला जाऊन आलो’ असं कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘कुठल्या शिरूरला?’ पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी एक शिरूर आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. लातूर जिल्ह्यात अहमदपूरच्या बाजूला शिरूर ताजबंद आहे. आणि आपण आज ज्या शिरूरला जाणार आहोत ते हे चौथं, शिरूर अनंतपाळ. हेही लातूर जिल्ह्यातलंच.

लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळा होऊन. या जिल्ह्यात दहा तालुके आहेत. त्यांतल्या धाकट्या तालुक्यांपैकी शिरूर अनंतपाळ एक. १९९९ साली तो तालुका झाला. इथून घरणी नदी वाहते, ती पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. नकाशा काढा आणि बोट फिरवून बघा. पूर्वेकडे थोडं सरकलात की कर्नाटकातला बिदर जिल्हा लागतो.

माझी थोरली बहीण इथे दिलेली. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो. एसटीच्या खिडकीतून काळीभोर रानं दिसत होती. सोयाबीन निघालेलं, कुठे कुठे मळणीयंत्राचा धुरळा उडत होता. तुरीला पिवळी फुलं लागली होती. पण दोस्तांनो, मी तुम्हांला आज दाखवणार आहे ते डोळ्यांनी बघायचं नाही. ते कानांनी ऐकायचं आहे. या गावात मला आवाज सापडले!

झालं असं. ताईच्या घरी चहा पीत बसलो होतो. दाजी शेतावर गेले होते. तेवढ्यात माळवदावरून आवाज आला, “गोलंदाज पळत यायलाय… पळत यायलाय… टाकला! अन् ह्यो मारला! बॉल जायलाय, जायलाय, जायलाय… थेट सोयाबीनच्या गंजीवर! सहा!”

मी विचारलं, “ताई, रेडिओ लावलाय का गं कुणी?”

ताई हसली. “रेडिओ कुठला? तुझा भाचा हाय की वर. जा, बघ.”

मी पाय न वाजवता जिना चढलो. सातवीतला माझा भाचा भिंतीला टेकून बसला होता. हातात ताईचा मोबाईल, त्यावर क्रिकेटचा खेळ. खेळाचा आवाज मात्र पूर्ण बंद! पडद्यावर फलंदाज मुका, प्रेक्षक मुके, आणि सगळं बोलत होता हा पठ्ठ्या. मला बघितलं आणि तो एकदम गप्प झाला.

“अरे, थांबलास का? छान चाललं होतं.”

“उगं आपलं… काही नाही मामा.”

“मी रेकॉर्ड करू का? जाताना ऐकत जाईन.” मी फोन काढला.

“नको!” तो इतक्या जोरात म्हणाला की मी फोन मुकाट्याने खिशात ठेवला. आवाज ज्याचा, परवानगी त्याची.

जरा वेळाने त्याने मनातलं सांगितलं. या वर्षीपासून तो शिकायला लातूरला राहतो. तिथे वर्गात त्याला धडा मोठ्याने वाचून त्याची गोष्ट सांगायला लावली होती. सांगता सांगता त्याच्या तोंडून ‘वाघ पळत यायलाय’ असं गेलं. झालं! दोन-चार मुलं फिदीफिदी हसली. मग मधल्या सुट्टीत ‘यायलाय, जायलाय’ हे त्याचं नावच पडलं. तेव्हापासून तो वर्गात तोंड उघडत नाही. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही.

“अन् खेळाचा आवाज का बंद करतोस?” मी विचारलं.

“त्येंचा आवाज लई भारी असतो मामा. आपला तसा कुठं हाय? म्हणून बंद करतो. मग कुणी ऐकत नसलं की माझाच लावतो.”

मला काय बोलावं ते पटकन सुचलं नाही. मी म्हटलं, “चल, तुझ्या दोस्तांना बोलाव. आज मला तुमच्या खेळांतले आवाज ऐकायचेत.”

संध्याकाळी ओट्यावर ही गर्दी झाली! मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, “व्हिडिओ गेममधला तुमचा आवडता आवाज कोणता?”

“मारिओ!” एक चिमुरडा उडी मारून ओरडला. मी विचारलं, “मारिओला आवाज कुणी दिला, ठाऊक आहे?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दोस्तांनो, तुम्हांला तरी ठाऊक होतं का? त्यांचं नाव चार्ल्स मार्टिनेट. १९९६ साली ‘सुपर मारिओ ६४’ हा खेळ आला, त्यातला उड्या मारताना येणारा तो खुशीचा किलबिलाट या अमेरिकन नटाच्या गळ्यातला. मारिओचा भाऊ लुईजी आणि त्यांचा प्रतिस्पर्धी वारिओ, यांचे आवाजही त्यांचेच. म्हणजे भांडणारे दोघे आणि भांडण सोडवणारा तिसरा, सगळे एकाच माणसाच्या घशात राहत होते! २०२३ साली त्यांनी मारिओचा आवाज देणं थांबवलं आणि दुसऱ्या कलाकाराने ते काम हाती घेतलं.

त्याआधी खेळ बोलत नव्हते का? बोलत होते, पण कसे! १९८० साली ‘बर्झर्क’ नावाचा एक खेळ आला. नाणं टाकून खेळायच्या मोठ्या पेटीतला. त्यातले यंत्रमानव मोजकेच शब्द बोलायचे, तेही पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे. तेव्हा यंत्रांत जागाच इतकी थोडी असायची, की माणसाचा खराखुरा आवाज साठवणं परवडत नसे. पुढे सीडी आल्या, जागा वाढली, आणि खेळांत माणसं बोलायला लागली.

ओट्यावरचा एक कॉलेजकुमार म्हणाला, “आपलं तर ‘क्रिकेट ०७’. दुसरं काही नाहीच.” हा खेळ २००६ च्या अखेरीस आला. त्यातलं समालोचन दोघांचं, मार्क निकोलस आणि रिची बेनो. बेनो ऑस्ट्रेलियाचे कर्णधार होते आणि नंतर जगातले नामांकित समालोचक झाले. २०१५ साली ते वारले. पण एखाद्या जुन्या संगणकावर तो खेळ लावला, की बेनो आजही चौकाराचं कौतुक करतात. त्यांना शिरूर अनंतपाळ हे नावही माहीत नसेल. आणि इथल्या पोराला मात्र त्यांची वाक्यं पाठ!

आणि आपल्या माणसाचा आवाज? तोही आहे. मुंबईतल्या नॉटिलस मोबाईल या कंपनीच्या ‘रिअल क्रिकेट २०’ या खेळात संजय मांजरेकर समालोचन करतात. भारतासाठी ३७ कसोटी सामने खेळलेला हा मुंबईकर फलंदाज. भाच्याने कान टवकारले. तो हाच खेळ आवाज बंद करून खेळत होता ना!

“मामा, पण त्येंनी माझी मॅच कधी बघितली? मी सहा मारल्यावर त्येंना कळतं कसं?”

बघा, प्रश्न विचारावा तर असा! समालोचकाने तुमची मॅच बघितलेलीच नसते. तो एका छोट्या, आवाजबंद खोलीत बसतो. समोर मायक्रोफोन. त्याच्यापुढे एक बारीक जाळी, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना तोंडातली हवा मायक्रोफोनवर आदळू नये. कानांना हेडफोन. समोर कागदावर नाहीतर पडद्यावर वाक्यांची लांबलचक यादी. चौकार गेला तर हे वाक्य, झेल सुटला तर ते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या सुरांत बोलायचं. आकडे वेगळे बोलायचे, खेळाडूंची नावं वेगळी. त्या सगळ्या तुकड्यांना संगणकात क्रमांक दिलेले असतात. तुम्ही षटकार मारलात की संगणक ‘षटकार’च्या कप्प्यातला एक तुकडा उचलतो आणि वाजवतो. एकच तुकडा सारखा वाजला तर आपल्याला कंटाळा येतो, म्हणून एका प्रसंगाला बरीच वाक्यं लागतात.

म्हणजे मैदान नाही, चेंडू नाही, प्रेक्षक नाहीत, आणि तरी आनंदाने ओरडायचं. लढाईच्या खेळांत तर त्याहून कठीण. पडल्यावरचं विव्हळणं, उडी मारतानाचा हुंकार, मार लागल्यावरची किंकाळी, हे सगळं खुर्चीच्या आसपास उभं राहून करायचं. ओरडण्याची वाक्यं शेवटी ठेवतात. कारण एकदा घसा बसला, की पुढची साधी वाक्यं बोलता येत नाहीत.

नववीतली एक मुलगी मघापासून गप्प होती. ती म्हणाली, “काका, सगळं क्रिकेट अन् मारामारीच का? मुलीचा खेळ नाही का एखादा?” आहे तर! आणि तो आपल्या पुण्यात तयार झाला आहे. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ आणला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. तिची गोष्ट आपल्याला सांगतात दुर्गा आणि विष्णू! मधले मधले प्रसंग तर सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे दाखवलेत. पडद्यामागून बोलणाऱ्या बाहुलीवाल्याची आपली जुनी कला अशी नव्या खेळात येऊन बसली आहे.

मग मी भाच्याकडे वळलो. “‘बाहुबली’ हिंदीत बघितलास ना? त्यात प्रभासचा तो दमदार आवाज कुणाचा? शरद केळकरांचा. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला हा माणूस. लहानपणी ते बोलताना अडखळायचे. हे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. आणि हिंदीतल्या निंजा हातोरीचा आवाज? मेघना एरंडे या आपल्या मराठी कलावतीचा! निंजा हातोरी मुलगा, आवाज देणारी बाई. कुणाला शंका तरी आली का?”

भाचा काहीच बोलला नाही. पण रात्री जेवताना ताईला म्हणाला, “आई, उद्या मामाला मॅचला नेऊ का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर पोचलो. टेनिस चेंडूचे सामने होते. फक्कीने आखलेली सीमारेषा, एका बाजूला मांडव, मांडवात टेबल, टेबलावर माईक. आसपासच्या गावांतले संघ आले होते. आणि माईकवर होते नाना. गावात त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. पोरं त्यांना नानाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

काय सांगू तुम्हांला, नानांचं समालोचन! एक फलंदाज हळू पळाला, तर नाना म्हणाले, “पळ की लेका, एसटी सुटायलीय!” चेंडू उंच उडाला, तर “ढगाला इचारून खाली यायलाय!” सगळं मैदान हसत होतं. पण एका पोराच्या हातून सोपा झेल सुटला, तेव्हा नाना चक्क गप्प राहिले. पुढचा चेंडू पडेपर्यंत एक शब्द नाही.

डाव संपल्यावर मी त्यांना विचारलं, “नाना, झेल सुटला तेव्हा काही बोलला नाहीत?”

“त्या पोराला आधीच लई वाईट वाटलेलं असतंय. त्यावर आपण कशाला मीठ चोळायचं? माईक हातात असला म्हणून काय झालं?” नाना म्हणाले.

समालोचन कुठे शिकलात, असं विचारल्यावर ते हसले. “रेडिओवर. लहानपणी कानाला लावून बसायचो.” दोस्तांनो, तुमच्या आजोबांना बाळ ज. पंडित हे नाव विचारून बघा. पुण्याच्या बाळ पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन रुजवलं. चौकार, षटकार, पायचीत, त्रिफळा हे शब्द रेडिओवरून घराघरांत ऐकू यायचे. मैदान न बघितलेली माणसंसुद्धा सामना ‘बघायची’, ती कानांनी.

“रेडिओनं मला एकच शिकवलं,” नाना सांगत होते. “ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बोलायचं. ज्याला दिसतंय त्याला आपली गरजच काय?”

याच तालुक्यात उजेड नावाचं गाव आहे. नाव किती छान, नाही? तिथे जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. देवाच्या यात्रा गावोगाव असतात, पण गांधीजींची यात्रा तुम्ही कुठे बघितलीत? नाना म्हणाले, “यात्रा असो, कुस्ती असो, क्रिकेट असो. गर्दीत मागं उभं राहिलेल्याला पुढचं दिसत नसतंय. आपण त्याचे डोळे.”

आणि मग नानांनी एकदम भाच्याकडे माईक सरकवला. “ये रे. तू वर माळवदावर बोलतोस ते सगळ्या गल्लीला ऐकू येतंय. दोन षटकं तुझी.”

भाच्याचं तोंड पांढरंफटक पडलं! त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही म्हटलं नाही. तो टेबलाशी गेला. गोलंदाज धावला, चेंडू पडला, एक धाव निघाली. माईक गप्प. दुसरा चेंडू. माईक गप्पच. कुणीतरी ओरडलं, “नाना, लाईट गेली का?” सगळे हसले. भाच्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मला वाटलं, आता हा पळणार.

नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मैदानाच्या कडेला बोट दाखवलं. लिंबाच्या झाडाखाली खाटेवर एक आजोबा बसले होते. डोळ्यांना हिरवी पट्टी, नुकतंच ऑपरेशन झालेलं. मान वाकडी करून, कान मांडवाकडे लावून ते वाट बघत होते.

“बाकीच्यांचं सोड. तेवढ्या एकासाठी बोल,” नाना म्हणाले.

तिसरा चेंडू. “गोलंदाज… गोलंदाज पळत यायलाय,” भाचा बोलला. आवाज जरा कापत होता. “टाकला… फलंदाजानं मारला… बॉल जायलाय, जायलाय… आजोबा, तुमच्याच लिंबाकडं यायलाय! चार!”

आजोबांनी खाटेवरून हात उंच केला. कुणीही ‘जायलाय’ला हसलं नाही. हसणार कसं? इथे सगळेच असं बोलतात. पुढे एकदा त्याने फलंदाजाचं नाव चुकवलं. तेव्हा मात्र मैदान हसलं, आणि हसणाऱ्यांत तो स्वतःही होता.

घरी येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, त्या मारिओवाल्यांजवळ तीन आवाज होते ना?”

“हो.”

“माझ्याजवळ दोन हायत. एक लातूरच्या वर्गातला अन् एक इथला. दोन्ही येतात मला. हसणाऱ्या पोरांना एकच येतो.”

दोस्तांनो, हे मला सुचलं नव्हतं. ते त्यालाच सुचलं. वर्गात पुस्तकातली मराठी यायलाच हवी. ती तो शिकेलच. पण ती शिकताना घरची बोली टाकून द्यायची असं थोडंच आहे? हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारी कानडी, पलीकडे तेलुगू, बाजारात उर्दू. इतक्या शेजाऱ्यांत राहून इथल्या मराठीला तिची चाल आली आहे. ‘जायलाय’ म्हटलं की चेंडू खरंच अजून जातोय असं वाटतं, नाही का?

आता एक महत्त्वाची गोष्ट, आईबाबांनीही वाचावी अशी. आजकाल संगणक माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. थोडा आवाज ऐकवला की पुरे. मग खऱ्या कलाकाराला बोलवायचं कशाला, असा प्रश्न काहींना पडला. म्हणून अमेरिकेत व्हिडिओ गेमना आवाज आणि अभिनय देणाऱ्या कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला. तो जवळजवळ वर्षभर चालला. आमच्या आवाजाची नक्कल करायची तर आधी आम्हांला विचारा आणि त्याचा मोबदला द्या, ही त्यांची मोठी मागणी होती. २०२५ मध्ये नवा करार झाला आणि तशी कलमं त्यात आली. म्हणजे मोठ्या कलाकारांचंही म्हणणं तेच, जे माझा भाचा माळवदावर म्हणाला होता. आधी विचारा! तुम्हीही मित्राचा आवाज गमतीत रेकॉर्ड करून इकडे तिकडे पाठवण्याआधी त्याला विचारत जा.

आणि हो, एक खेळ सांगतो. घरी करून बघा. मोबाईलवरचा क्रिकेटचा खेळ लावा आणि आवाज बंद करा. घरातल्या कुणाला तरी डोळे मिटून बसायला सांगा. आजी असेल तर फारच छान. आता तिला सामना दिसेल असं बोला, तुमच्या घरात बोलतात त्याच भाषेत. मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो. मग ‘आउट’ हा एकच शब्द पाच प्रकारे म्हणा: आनंदाने, दुःखाने, आश्चर्याने, रागाने आणि कंटाळून. तुमच्या लक्षात येईल, त्या छोट्या खोलीत उभं राहणाऱ्या कलाकारांचं काम किती कठीण आहे ते.

परतीच्या दिवशी भाचा मला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी लागली होती. मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात तो म्हणाला, “मामा, फोन काढा की.”

“कशाला रे?”

“रेकॉर्ड करायचं म्हणत होता ना?”

मी फोन पुढे धरला. त्याने घसा साफ केला आणि सुरू केलं, “मामा एसटीत चढायलेत… खिडकीची जागा धरायलेत… गाडी हलली! अन् मामा जायलेत, जायलेत, जायलेत…”

गाडी वळेपर्यंत तो बोलत होता.